अख्खा नकाशा कशाला, तुकडा पुरे

एका तळ्यात पाणी किती उरलंय ते उपग्रहाच्या चित्रात पाहायचं होतं. तळं लहानसं, एका चौरस किलोमीटरात आरामात मावणारं. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर काही दिवसांनी नवी येतात, तेव्हा काम पाच मिनिटांचं वाटलं होतं. पण ही चित्रं ठरावीक मोठ्या चौकटींत मिळतात. एक चौकट जवळपास ११० किलोमीटर लांब आणि तेवढीच रुंद. एका पिक्सेलमध्ये जमिनीचा १० मीटर बाय १० मीटर तुकडा बसतो, म्हणून चौकटीत १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेल. गुणाकार बारा कोटींच्या वर जातो. मला हवे होते १०० गुणिले १००, म्हणजे दहा हजार.

त्या दहा हजारांपायी आपण वर्षानुवर्षं बारा कोटी उतरवून घेत आलो. भली मोठी झिप फाईल, ती उघडायची, आतल्या आत दहा फोल्डर, त्यातून नेमकी फाईल शोधायची, तळं कापून घ्यायचं. उरलेलं सगळं डिस्कवर पडून राहायचं, कारण पुसायला जीव होत नसे.

आता हेच काम करताना मी काहीही डाउनलोड करत नाही. क्यूजीआयएस या मोफत, खुल्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये रास्टर लेयर, म्हणजे पिक्सेलच्या चित्राचा थर, जोडताना फाईलच्या जागी इंटरनेटवरचा पत्ता देतो, तळ्यावर झूम करतो, चित्र समोर उमटतं. चौकट तीच, तेवढीच मोठी. माझ्याकडे तिचा कोपराच काय तो येतो.

नकाशांच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की गाजावाजा होतो तो त्रिमितीतल्या इमारतींचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा. दोन्हींकडे येऊच. पण माझ्या मते गेल्या दहा-बारा वर्षांत खरा फरक पडलाय तो डेटा कापून ठेवण्याच्या पद्धतीमुळे. कशाला किती आणि कसं कापायचं हे एकदा कळलं, की अर्ध्याअधिक 'नव्या सोयी' आपोआप कळतात.

ओळी आणि चौकोन

टिफ हा चित्रं साठवायचा एक जुना फाईल-प्रकार. साध्या टिफ फाईलमध्ये पिक्सेल बहुधा ओळीने लावलेले असतात. वरची आडवी ओळ पूर्ण, मग तिच्याखालची. माझं तळं शंभर ओळींमध्ये पसरलेलं. प्रत्येक ओळीतले शंभरच पिक्सेल हवेत, पण ओळ १०,९८० पिक्सेलची. शंभर ओळी वाचल्या की अकरा लाख पिक्सेल हाताळून झाले. शिवाय कुठली ओळ फाईलमध्ये कुठे सुरू होते हे सांगणारी अनुक्रमणिका टिफमध्ये कुठेही असू शकते, अगदी शेवटीसुद्धा. म्हणजे आधी शेवटचं पान गाठायचं, मग मागे यायचं.

नवी पद्धत अशी: चित्र आतल्या आत चौकोनांत कापायचं. समजा ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलचा एक चौकोन. मग आमच्या चौकटीचे २२ गुणिले २२, म्हणजे ४८४ चौकोन होतात. तळं त्यातल्या एकात बसेल. अगदी कोपऱ्यावर आलं तर चारांत. अनुक्रमणिका फाईलच्या तोंडाशी. सॉफ्टवेअर आधी तेवढीच मागवतं, हवा तो चौकोन कितव्या बाइटपासून कितव्या बाइटपर्यंत आहे ते बघतं, आणि सर्व्हरला सांगतं: या फाईलचे अमुक ते तमुक बाइट दे, बाकीचं ठेव तुझ्याकडे.

गंमत अशी की फाईलचा मधलाच भाग मागायची ही सोय वेबच्या नियमांत १९९७ पासूनच आहे. ऑनलाइन व्हिडिओ मधूनच पुढे ढकलता येतो तोही याच सोयीवर. सर्व्हरवर नकाशाचं वेगळं सॉफ्टवेअर बसवावं लागत नाही. बदलते ती फक्त फाईलच्या आतली मांडणी. याच मांडणीला क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ म्हणतात. नाव जड आहे, पण फाईल टिफच असते आणि जुनं सॉफ्टवेअरसुद्धा ती उघडतं. २०२३ मध्ये ओपन जिओस्पेशिअल कन्सॉर्शियम या संस्थेने तिला रीतसर मानकाचा दर्जा दिला.

आणखी एक खुबी आहे. त्याच फाईलमध्ये चित्राच्या लहान प्रतीही भरलेल्या असतात: निम्मी, पाव, अष्टमांश. पूर्ण चौकट एका नजरेत बघायची असेल तर बारा कोटी पिक्सेल कुणालाच नकोत, स्क्रीनवर मावतही नाहीत. मग लहान प्रत येते. झूम केलं की तेवढ्या जागेपुरती मोठ्या प्रतीतली येते. नकाशा आधी धूसर दिसून मग स्वच्छ होतो, त्यातला बराचसा भाग हाच.

राहता राहिला प्रश्न हव्या त्या दिवसाचं, हव्या त्या जागेचं चित्र शोधायचा. त्यासाठी 'स्टॅक' नावाची सूची-पद्धत रूढ झाली आहे. जागा, तारीख, ढगांचं प्रमाण सांगा, ती चित्रांचे पत्ते देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या क्यूजीआयएस ३.४० पासून ही सूची थेट ब्राउझर पॅनेलमध्ये उघडता येते. त्याआधी प्लगइन, म्हणजे वरून बसवायचं जोड-सॉफ्टवेअर, लागायचं.

चित्र नको, आकार द्या

तुकडे करण्याची कल्पना रस्ते-नद्यांच्या नकाशात त्याहून जुनी. वेबवरचा नकाशा म्हणजे टाइल्सचा, चौकोनी तुकड्यांचा, मनोरा. झूम शून्यावर सगळं जग २५६ गुणिले २५६ पिक्सेलच्या एका टाइलमध्ये. एक पायरी खाली उतरलं की प्रत्येक टाइलचे चार तुकडे. दहाव्या पायरीवर १०,४८,५७६ टाइल्स. अठराव्या पायरीवर, जिथे एकेक घर ओळखू येतं, ६८,७१,९४,७६,७३६. चारपटीचा हा हिशेब लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

आधी या टाइल्स म्हणजे तयार चित्रं असत. रस्ता पिवळा काढला की पिवळा. नावं इंग्रजीत छापली की इंग्रजीत. नकाशा फिरवला की अक्षरं उलटी. व्हेक्टर टाइलमध्ये चित्र नसतं, आकार असतात: ही रेषा, तिचा प्रकार महामार्ग, तिची नावं या-या भाषांत. रंगरंगोटी तुमचा फोन किंवा ब्राउझर जागच्या जागी करतो. त्यामुळे रात्री नकाशा काळा करता येतो, फिरवला तरी नावं सरळ राहतात, एकाच डेटातून सायकलवाल्यांचा वेगळा आणि ट्रकवाल्यांचा वेगळा नकाशा निघतो. क्यूजीआयएसमध्ये व्हेक्टर टाइल २०२० पासून मूळ सोय म्हणून आहे.

मराठी वाचकाला यात एक खडा लागतो. ब्राउझरमधले अनेक व्हेक्टर नकाशे अक्षरं स्वतः रंगवतात आणि त्यासाठी प्रत्येक युनिकोड क्रमांकाला (संगणकात लिपीच्या प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) एक तयार ठसा वापरतात. इंग्रजीला तेवढं पुरतं. देवनागरीत मात्र ठशांची जुळणी करावी लागते आणि ती पायरीच तिथे गाळलेली असते. 'किल्ला' हा शब्द घ्या. पहिली वेलांटी 'क'च्या आधी दिसायला हवी, पण युनिकोडमध्ये ती 'क'नंतर लिहिलेली असते. जुळणी झाली नाही की ती पुढच्या अक्षराच्या गळ्यात पडते. 'ल्ल' जुळत नाही, एक पाय मोडका ल आणि शेजारी धडधाकट ल उभा राहतो. अशी नावं नकाशावर दिसली तर टंकलेखकाला दोष देऊ नका. डेटा बहुतेक वेळा शुद्ध असतो, रंगवणारा अडाणी असतो. डेस्कटॉपवरच्या क्यूजीआयएसमध्ये हा त्रास नाही, कारण तिथे जुळणीचं काम वेगळी, मुरलेली यंत्रणा करते. वेबवरही सुधारणा होते आहे, पण सगळीकडे पोचलेली नाही.

दहा अक्षरांचा जाच

नव्या सोयी वापरायच्या तर जुनं सामानही बदलावं लागतं, आणि भौगोलिक डेटाच्या जगातलं सगळ्यात चिवट जुनं सामान म्हणजे शेपफाईल. एझ्री या नकाशा-सॉफ्टवेअरच्या कंपनीने १९९०च्या दशकात आणलेलं हे फाईलरूप अजून ईमेलमधून फिरतं. नावात एक फाईल, प्रत्यक्षात किमान तीन. त्यातली एक पाठवायची राहिली की पलीकडच्याचा फोन येतो. प्रत्येक घटकाला २ जीबीची मर्यादा. आणि तक्त्यातल्या रकान्याचं नाव दहाच बाइटचं.

इंग्रजीत दहा बाइट म्हणजे दहा अक्षरं, 'पॉप्युलेशन' हा शब्द रोमन लिपीत बरोबर तेवढ्यात बसतो. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. 'लोकसंख्या' असं नाव द्यायला जा: ल, ओकाराची मात्रा आणि क एवढ्यातच नऊ बाइट संपतात. रकान्याचं नाव उरतं 'लोक'. संख्या गळून जाते.

जिओपॅकेज या नव्या फाईलरूपात हे सगळं संपतं. एकच फाईल, आत एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, त्यात हवे तेवढे लेयर, रकान्याला हवं ते नाव, मराठीसकट. २०१४ पासून हे मानक आहे आणि क्यूजीआयएस ३च्या मालिकेत नवा लेयर जतन करताना पहिला पर्याय तोच येतो. शेपफाईल द्या असा आग्रह करणाऱ्याला शेवटच्या क्षणी तीत बदलून द्यावं, आपलं काम तीत करू नये.

कोट्यवधी नोंदी असतील तर जिओपार्केट हे आणखी एक फाईलरूप. यात तक्ता आडव्या ओळींऐवजी उभ्या रकान्यांत कापून ठेवतात. पन्नास रकान्यांतला एकच हवा असेल तर तेवढाच वाचला जातो. तत्त्व तळ्याचंच.

त्रिमिती: बिंदूंचा पाऊस

लिडार म्हणजे विमानातून किंवा ड्रोनवरून लेसरचे ठिपके जमिनीवर सोडायचे आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून प्रत्येक ठिपक्याची उंची काढायची. झाडावर सोडलेला एकच किरण आधी शेंड्यावरून, मग फांदीवरून, आणि पानांच्या फटीतून खाली पोचलाच तर जमिनीवरूनही परततो. म्हणून लिडारमध्ये जंगलाखालची जमीन सापडते, जी फोटोत कधीच दिसत नाही. एका मोहिमेत अब्जावधी बिंदू सहज जमतात. हे सगळं एकदम उघडायला गेलं की संगणक मान टाकतो.

उपाय पुन्हा कापण्याचा. फक्त इथे चौकोनाचे चार तुकडे करण्याऐवजी घनाचे आठ करतात. मोठ्या घनात विरळ बिंदू, लहान घनांत दाट. लांबून बघताना विरळ येतात, जवळ गेलं की त्या भागातले दाट. क्यूजीआयएसमध्ये बिंदूंचे हे ढग २०२१च्या ३.१८ आवृत्तीपासून उघडतात. पण मला सगळ्यात उपयोगी वाटली ती २०२२ मध्ये ३.२६ बरोबर आलेली उंचीच्या छेदाची सोय. नकाशावर एक रेष ओढायची, खालच्या पट्टीत त्या रेषेवरचा चढ-उतार दिसतो. जमिनीचा उठाव, इमारती, झाडं, तारा, सगळं एकाच छेदात. कालवा कुठून न्यावा, समोरची टेकडी आड येते का, असल्या प्रश्नांना फिरणाऱ्या त्रिमिती चित्रापेक्षा ही साधी रेष जास्त नेमकं उत्तर देते. फिरणारं चित्र बैठकीत दाखवायला छान.

जमीन सरकते, नकाशाला ते माहीत हवं

तुकडे ठिकठिकाणांहून आणायचे तर कडा जुळायला हव्यात. इथे एक गोष्ट आडवी येते, जिचा विचार वीस वर्षांपूर्वी भूमापनवाल्यांखेरीज कुणी करत नव्हतं: जमीन जागेवर थांबत नाही.

ऑस्ट्रेलिया वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर उत्तर-ईशान्येकडे सरकतो. तिथल्या जुन्या अधिकृत संदर्भ प्रणालीत निर्देशांक १९९४च्या स्थितीला जखडलेले होते. २०२० पर्यंत खंड जवळजवळ १.८ मीटर पुढे गेला आणि नवी प्रणाली आणावी लागली. उपग्रहांवरून मिळणारं स्थान मात्र कुठल्याही खंडाला बांधलेलं नसतं, ते अख्ख्या पृथ्वीच्या हिशेबाने असतं. म्हणजे १९९४च्या नकाशातली कुंपणाची रेष आणि आज यंत्राने दाखवलेलं तेच कुंपण, दोन्ही बरोबर असूनही त्यांच्यात माणसाच्या उंचीएवढं अंतर पडतं.

फोनचं जीपीएस पाच मीटर इकडे-तिकडे दाखवत होतं तोवर हे खपून गेलं. दुरुस्तीचे संकेत वापरून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत पोचणारी यंत्रं आली आणि ते दिसायला लागलं. म्हणून आता फक्त अक्षांश-रेखांश पुरत नाहीत, ते कोणत्या तारखेचे हेही विचारावं लागतं. प्रक्षेपण बदलण्याचं, म्हणजे एका प्रणालीतली स्थानं दुसरीत नेण्याचं काम करणारी प्रोज ही लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) जवळपास प्रत्येक खुल्या नकाशा-सॉफ्टवेअरच्या पोटात असते. २०१९च्या सहाव्या आवृत्तीत तिने हा हिशेब नव्याने मांडला. क्यूजीआयएसमध्ये २०२१ पासून लेयरला ही तारीख जोडता येते. तेव्हापासूनच डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या नेहमीच्या संदर्भ प्रणालीतल्या लेयरशेजारी एक सूचनाही दिसते, की या प्रणालीची अचूकता फार तर २ मीटर. अनेक जण ती बिघाड समजून नेटवर उपाय शोधतात. बिघाड काही नाही. सॉफ्टवेअर पहिल्यांदाच खरं बोलतंय.

यंत्राने काढलेल्या रेषा

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. उपग्रहचित्रावरून घरं, शेतं, तळी रेखाटणं म्हणजे माउसने कोपऱ्यामागून कोपरा टिपत जाणं. मनगट दुखेपर्यंत केलेलं काम आहे हे. एप्रिल २०२३ मध्ये मेटाने 'सेगमेंट एनीथिंग' हे मॉडेल खुलं केलं आणि काही काळातच त्यावरची प्लगइन्स आली. छपरावर एकदा क्लिक करा, छपराची बाह्यरेषा मिळते. पहिल्यांदा वापरताना हसू येतं, इतकं ते सोपं वाटतं.

मग कुरबुरी दिसतात. हे मॉडेल १ कोटी १० लाख चित्रांवर शिकलं, पण ती मुख्यतः माणसाच्या उंचीवरून काढलेली साधी छायाचित्रं. वरून पाहिलेली पाच पिक्सेलची झोपडी त्याच्या परिचयाची नाही. सावली छपरात धरली जाते. दोन भिंतीला भिंत लागलेली घरं एक होतात. आणि एक चूक त्याची नसून चित्राची असते: उपग्रह तिरपा बघत असेल तर उंच इमारतीचं छप्पर तिच्या पायापासून बाजूला सरकलेलं दिसतं. यंत्र छप्पर अचूक काढतं, पण नकाशात हवा असतो पाया. रेष सुबक असल्यामुळे शंकाही येत नाही. हाताने काढलेली वेडीवाकडी रेष निदान 'मला तपासा' असं म्हणते.

याहून वेगळी, आणि मला अधिक खोल वाटणारी कल्पना म्हणजे जागेचं आकड्यांत सार काढणं. जुलै २०२५ मध्ये गूगल डीपमाइंडने अल्फाअर्थ फाउंडेशन्स जाहीर केलं. त्यात जमिनीच्या १० मीटरच्या प्रत्येक चौकोनाला, २०१७ पासूनच्या प्रत्येक वर्षासाठी ६४ आकडे दिले आहेत. वर्षभरातली निरनिराळ्या उपग्रहांची निरीक्षणं त्या ६४ आकड्यांत मुरलेली असतात. एकेका आकड्याला अर्थ नाही, पण सारख्या जागांचे आकडे सारखे येतात. एका खारफुटीवर बोट ठेवून 'अशा जागा आणखी कुठे आहेत?' असं विचारता येतं. एकाच जागेचे दोन वर्षांचे आकडे फार वेगळे निघाले तर तिथे काहीतरी घडलंय. काय घडलंय ते मात्र जाऊन बघावं लागतं.

तिसरा प्रकार म्हणजे साध्या वाक्यात सांगायचं, 'शाळांपासून ५०० मीटरच्या आतली घरं दाखव', आणि यंत्राने त्याचा प्रोग्राम लिहून द्यायचा. मी रोज वापरतो आणि दोन ठिकाणी हमखास थांबतो. पहिलं, बफरचं, म्हणजे जागेभोवती ठरावीक अंतरापर्यंत काढलेल्या पट्ट्याचं, एकक. लेयर अक्षांश-रेखांशात असेल तर ५०० म्हणजे ५०० अंश होतात, पृथ्वीच्या पूर्ण फेरीहून जास्त. क्यूजीआयएसच्या बफर खिडकीत अशा वेळी एककाच्या जागी 'अंश' येतं आणि बाजूला इशाऱ्याचा त्रिकोण. लिहून मिळालेल्या प्रोग्राममध्ये त्रिकोण नसतो. दुसरं, क्रम. डब्ल्यूजीएस ८४च्या अधिकृत व्याख्येत आधी अक्षांश, मग रेखांश. जिओजेसन या भौगोलिक डेटाच्या फाईलरूपाच्या २०१६च्या मानकात नेमकं उलटं. माझ्या एका यादीतली सगळी ठिकाणं यामुळे भलत्याच समुद्रात जाऊन बसली होती, आणि मी तासभर डेटा चुकलाय म्हणून तो धुंडाळत होतो.

नेटवर्क नसेल तिथे

तुकडा मागवून काम करण्यात एक गोम आहे: मागवायला नेटवर्क लागतं. झाडं मोजायला, विहिरींची नोंद करायला जिथे जावं लागतं तिथे अनेकदा फोनला एक कांडीही नसते. म्हणून निघण्याआधी लागणाऱ्या टाइल्स एका फाईलमध्ये बांधून घ्यायच्या आणि क्यूफील्डसारख्या मोबाइल ॲपमध्ये भरायच्या. क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग पेटीत यासाठी एमबीटाइल्स, म्हणजे सगळ्या टाइल्स सामावणारी एकच फाईल, बनवायचं साधन आहे. जागा निवडा, सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची झूम पायरी सांगा, झालं.

बहुतेक जण चुकतात ते खालच्या पायरीत. विषुववृत्ताजवळ १० किलोमीटर गुणिले १० किलोमीटरच्या जागेला अठराव्या पायरीवर सुमारे ४,३०० टाइल्स लागतात. एकोणिसाव्यावर १७,०००. 'असू दे, जरा जास्त स्वच्छ दिसेल' म्हणून वीस टाकलं की ६८,०००, आणि सकाळी निघायच्या वेळी पट्टी अजून चाळीस टक्क्यांवर असते. मी सतरावर थांबतो, आणि जिथे खरंच काम करायचंय तेवढ्या चिमूटभर जागेची वेगळी फाईल एकोणीसपर्यंत काढून घेतो.